दाताच्या खुर्चीत बसण्यापूर्वी



दात दुखू लागला की आपण काय करतो? पहिल्या दिवशी लवंग धरतो, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळी आणतो. गाल सुजला, रात्रीची झोप गेली, कामावर खाडा पडला, की मग नाइलाजाने दवाखाना गाठतो. अशा वेळी 'एकदाचा काढून टाका' एवढेच तोंडातून निघते. डॉक्टरांच्या हातातले हत्यार आधी कोणाच्या तोंडात होते, हे विचारायचे कोणाला सुचणार? म्हणून हा लेख दात दुखत नसतानाच वाचून ठेवा.

तामिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियंबाडी हे गाव आहे. २०२२-२३ मध्ये त्या भागात मेंदूला होणाऱ्या मेलिऑइडोसिस या आजाराचे २१ रुग्ण सापडले. त्यांतल्या १० जणांचा संबंध एकाच दंत दवाखान्याशी निघाला. त्या १० पैकी ८ जण दगावले. वेल्लोरच्या डॉक्टरांनी आणि सरकारी शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा संशय कशावर आला? सलाईनच्या बाटलीवर. दाताची जखम धुण्याच्या सलाईनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडायची आणि उरलेले सलाईन कापसाचा बोळा लावून पुढच्या रुग्णासाठी ठेवायचे, अशी तिथली रीत होती. या रोगाचे जंतू माती-पाण्यात असतात. दर रुग्णाला नवी बाटली उघडायची, एवढीच काळजी हवी होती.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २०१३ मध्ये एका रुग्णाला हेपटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ झाल्याचे कळले आणि तपासनीस दंत दवाखान्यात गेले. तिथे गंजलेली हत्यारे निघाली. सुमारे ७,००० रुग्णांना रक्त तपासून घ्या, असे कळवावे लागले.

दोन्ही ठिकाणी तपासणी झाली, पण माणसाला इजा झाल्यावर. खरी तपासणी त्याच्या आधी व्हायला हवी. इंग्लंडमध्ये २०११ पासून दंत दवाखान्यांना केअर क्वालिटी कमिशन या सरकारी संस्थेकडे नोंदणी करावी लागते. तिचे तपासनीस घाण हत्यारे कुठे धुतात, स्वच्छ कुठे ठेवतात, नोंदवही भरली आहे का, हे पाहतात. त्यांचा अहवाल कोणालाही वाचता येतो.

आपल्याकडेही कायदे आहेत. दंतवैद्याची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे हवी. दवाखान्यातील कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. एक्स-रे यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे हवी. पण कागद तपासणे वेगळे आणि हत्यारे धुण्याची मोरी तपासणे वेगळे. तुम्ही खुर्चीत बसाल त्या दिवशी तिथे तपासनीस असणार नाही. म्हणून आपले डोळे उघडे ठेवा.

काय पाहावे?

१. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक. रस्त्याच्या कडेला बसून दात काढणाऱ्याकडे हे दोन्ही नसते. त्याच्याकडे जाऊ नका.

२. हत्यारांचे बंद पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे. हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतात. हे यंत्र आपल्या कुकरसारखेच वाफेच्या दाबावर चालते. त्यात १२१ अंश उष्णता निदान १५ मिनिटे द्यावी लागते. साधे पाणी १०० अंशांवर उकळते, तेवढ्याने काही चिवट जंतू मरत नाहीत. म्हणून 'उकळून घेतले आहे' हे उत्तर पुरेसे नाही.

३. हातमोजे दर रुग्णाला नवे हवेत. त्याच हाताने फोन उचलला, तर मोजे बदलले पाहिजेत.

४. भुलीच्या इंजेक्शनची सुई नवी हवी. वापरलेली सुई पांढऱ्या, टणक डब्यात गेली पाहिजे, साध्या कचऱ्यात नाही.

५. जखम धुण्याचे सलाईन ताज्या बाटलीतले हवे. कापसाचा बोळा लावलेली अर्धी बाटली दिसली, तर स्पष्ट नाही म्हणा.

विचारायला संकोच वाटतो, हे खरे. 'डॉक्टरसाहेब रागावले तर?' असे मनात येते. पण 'डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर उघडाल का?' एवढे विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो. जो चिडतो, त्याच्याकडून उठून यावे. फी कमी दिली म्हणून जिवाची किंमत कमी होत नाही.

खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालयही आहे. तिथे रांग असते, वेळ जातो, पण उपचार स्वस्तात होतात.

दात काढल्यावर पावती आणि चिठ्ठी जपून ठेवा. पुढे ताप आला, डोके सतत दुखू लागले किंवा चेहऱ्यावर गळू आले, तर घरी थांबू नका. मोठ्या रुग्णालयात जा आणि 'अमुक दिवशी दात काढला होता' हे आधी सांगा. दवाखान्यात गैरप्रकार दिसला, तर राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करा. तुमच्या एका अर्जामुळे तपासणी झाली, तर पुढच्या खुर्चीत बसणारे कोणाचे तरी लेकरू वाचेल.