यंत्राचें नांव आणि यंत्राचा वेग

यंदा एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या प्रयोगशाळेस एक जुना ऑसिलोस्कोप भेट दिला. विजेचीं आंदोलनें पडद्यावर रेषेच्या रूपानें दाखविणारें हें यंत्र चीनमधील रिगोल कंपनीचें, डीएस१०५२ई जातीचें आहे. त्याचा वेग ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास पांच कोटि आंदोलनांपर्यंत त्यावर भरंवसा ठेवावा. वरच्या वर्गांतील मुलांनीं तें पाहतांच विचारलें, "सर, याचें १०० चें करूं काय?"

प्रश्न पोरकट नव्हे. याच कंपनीचें डीएस११०२ई हें १०० मेगाहर्ट्झचें यंत्र अधिक किंमतीस विकलें जाई. परंतु दोहोंची आंतील रचना एकच. स्वस्त यंत्रास वेसण होती ती आंत भरलेल्या आज्ञावलीची. २०१० च्या सुमारास हौशी लोकांनीं हें ओळखलें, आणि संगणकाची तार जोडून यंत्राचें नांवच बदलण्याची युक्ति जगभर पसरली.

ही चोरी होय, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें दाम मोजून डबा घेतला, त्यानें डब्यांतील सर्वच घेतलें. विकणाऱ्यानें आंत कुलूप घातलें म्हणून आंतील वस्तु त्याची राहत नाहीं. शिवाय कारखानदार तरी मर्यादा कोठें पाळीत होता? आरंभींच्या कांहीं यंत्रांत ४० च्या वेगासाठीं विकलेल्या चिपा त्यानें १०० च्या वेगानें पळविल्या होत्या!

आमची हरकत निराळी आहे. युक्ति केल्यावर यंत्र स्वतःस डीएस११०२ई म्हणवूं लागतें. पण म्हणविणें निराळें आणि असणें निराळें. खोट्या तागडीचा शास्त्रांत निषेध आहे, आणि ऑसिलोस्कोप ही तागडीच होय. न तपासतां असें यंत्र १०० चें म्हणून बाजारांत खपविणारास मात्र आम्ही चोरच म्हणूं.

तपासणें कठीण नाहीं. ०.३५ या संख्येस मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागिलें म्हणजे एकदम उसळणारी कडा पडद्यावर चढण्यास लागणारा काळ मायक्रोसेकंदांत निघतो: ५० च्या यंत्रास सुमारें ७ नॅनोसेकंद, १०० च्या यंत्रास ३.५. मात्र मोजावयाची मूळ कडा याहून पुष्कळ जलद हवी. नाहीं तर यंत्राऐवजीं तीच मोजली जावयाची.

म्हणून आम्हीं परवानगी दिली ती एका अटीवर: कडा आधीं मोजावी, नंतरही मोजावी, आणि जें येईल तें कागदावर लिहून यंत्रावर चिकटवावें. चिठ्ठी गेल्या आठवड्यांत लागली. तिजवर १०० हा आंकडा नाहीं. मोजून आलेले दोन काळ, तारीख आणि मोजणाऱ्या तिघांच्या सह्या आहेत.