गाणं आपलं, भोंगा कुणाचा?



'बजेट नाय' हे दोन शब्द सध्या आपल्या पोरापोरींच्या तोंडात फार बसलेत. ठाणे ते कल्याण, रुळाच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांत आज लिहिणारे, गाणारे, रॅप करणारे ढिगानं आहेत. मोबाईलवर बीट घेतात, डोक्यावरून गोधडी ओढून आवाज रेकॉर्ड करतात, रात्री दोनला गाणं यूट्यूबवर टाकतात. सकाळी बघावं तर त्रेसष्ट व्ह्यूज. त्यातले वीस स्वतःचेच. मग पोरगं म्हणतं, प्रमोशनला पैसा लागतो, आपल्याकडं बजेट नाय.

मी विचारतो, आपल्या गाण्याला बजेट होतं कधी?

भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा कोण शेठजी थैली घेऊन उभा होता? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, ते काय बँकेच्या कर्जावर? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. शाळेचा उंबरा लाभला नाही, अक्षरं मोठेपणी मुंबईत गिरवली. त्यांची गाणी गावोगाव गेली ती कुठल्या जाहिरातीनं? माणसांच्या तोंडातून गेली. एका आयाबाईनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं जात्यावर, नळावर, बारशाला म्हटलं. याला आजच्या भाषेत 'व्हायरल' म्हणतात. आपण ते वीज नसताना केलंय.

म्हणून बजेट नाही हे रडगाणं बंद करा. खरा सवाल दुसराच आहे. भोंगा कुणाच्या मालकीचा?

कॅसेटचा काळ आठवा. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि रेडिओच्या दारात ताटकळणारं आपलं गाणं थेट टपरीवर, रिक्षात, मांडवात वाजायला लागलं. आपल्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे, मग आनंद-मिलिंद शिंदे, तिकडे विठ्ठल उमप. हे आवाज घरोघर गेले. ही मोठीच गोष्ट झाली. पण हिशेबाची वही कुणाकडं राहिली? बहुतेकांच्या हातात एकदाच ठोक रक्कम पडली. कॅसेट वाजत राहिली, विकत राहिली, पैसा दुसरीकडं जात राहिला. लिहिणाऱ्याचं नाव तर कव्हरवरून केव्हाच गळून पडलं. आजही कितीतरी भीमगीतांवर 'पारंपरिक' असा शिक्का असतो. परंपरेला काय हात होते लिहायला? कुणीतरी उपाशीपोटी बसून लिहिलंय ते!

आता २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि सांगण्यात आलं, मधले दलाल गेले, आता दार सगळ्यांना उघडं. दार उघडं आहे, खरं. पण आतल्या पंगतीत पान मांडायला अट आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशात वाटा हवा तर एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास बघितलं गेलं पाहिजे (नाहीतर शॉर्ट्सचे नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज). चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. चार मिनिटांचं तुमचं गाणं साठ हजार वेळा, शेवटपर्यंत! स्पॉटिफायनं तर २०२४ पासून नियमच केला: बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, त्या गाण्याला शून्य. आणि ती वाचलेली चिल्लर जाते कुठं? जास्त वाजणाऱ्यांच्या ताटात. थेंबाथेंबानं गरिबाचं तळं मोठ्याच्या विहिरीत. ही रीत आपल्या ओळखीची नाय काय?

याच ठिकाणी भुलवणारे दोघे जण उभे असतात. पहिला म्हणतो, 'भावा, एवढे रुपये दे, दहा हजार व्ह्यूज देतो.' ते व्ह्यूज माणसांचे नसतात, मशीनचे असतात. यूट्यूबच्या लक्षात आलं की ते उडतात, कधी व्हिडिओही उडतो. पैसे मात्र त्याच्या खिशात राहतात. दुसरा जास्त घातक. तो म्हणतो, 'शूटिंगचा खर्च भाऊ करतील, फक्त शेवटी भाऊंचा फोटो टाका.' ठाणे जिल्ह्यात नाक्यानाक्यावर भाऊंचे फोटो आहेतच, आता गाण्यातही? आज फोटो, उद्या ओळ बदल, परवा हे गाणं म्हणूच नको. फुकटचा ड्रोन फार महाग पडतो, दोस्तहो.

कंपनीचं गोंडस रूपही बघून ठेवा. २०२१ साली तमिळमध्ये 'एन्जॉय एन्जामी' जगभर गाजलं. शब्द अरिवू या आंबेडकरी पोराचे, त्याच्या आजीच्या मळ्यातल्या घामाचे. ते काढणारी कंपनी स्वतंत्र कलावंतांसाठी म्हणूनच उभी राहिली होती. २०२४ साली संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितलं की या गाण्याचा पैसा आम्हा कुणाला मिळाला नाही. कंपनीची बाजू वेगळी होती. वाद त्यांचा त्यांच्याकडं, आपण धडा घ्यावा: कोट्यवधी कान मिळाले म्हणजे पोटाची सोय झाली असं नाही. कागद आधी, टाळ्या मागनं.

आमच्याच गटातल्या एकानं स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं टाकलं. ढोलकीचा ठेका कुठल्याशा कंपनीच्या रेकॉर्डशी जुळला म्हणून मशीननं दावा ठोकला. ठेका कंपनीचा? मग हलगी कुणाच्या बापाची? आम्ही हरकत घेतली. दावेदाराला उत्तराला तीस दिवस असतात. तो गप्प बसला, दावा पडला. पण ते तीस दिवस १४ एप्रिलच्या तोंडावरचे होते. जीव टांगणीला.

म्हणून कायदाही शिका. गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं शब्दांवर वारसांचा हक्क असतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे २०६४ संपेपर्यंत त्यांचे शब्द फुकटचे नाहीत, आपल्यालाही नाहीत. गायचं तर विचारून, नाव लावून गा. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा दिलाय आणि तो कंपनीला लिहून देता येत नाही. करारावर सही करताना हे कलम डोक्यात ठेवा. आणि खोटी हरकत घेऊ नका. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक झाले की चॅनेलच बंद.

आता कराय़चं काय? माझं म्हणणं रोखठोक मांडतो.

एक. पाच गटांची पाच चॅनेलं मोडा, एक करा. दोनशे-दोनशे सबस्क्रायबर घेऊन पाच जण उपाशी मरतात, एकत्र आले तर हजार होतात. संघटित व्हा हे आपल्याला कुणी सांगितलंय, ते परत सांगायला पाहिजे?

दोन. पहिला श्रोता वस्ती. रविवारी विहारात वंदना झाली की गाणं तिथं ऐकवा. म्हाताऱ्या बाया मान हलवत नसतील तर जग हलणार नाही. हॉलच्या नादी लागू नका. डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणतात, २०१७ ला तिथं साहित्य संमेलनही झालं. पण सावित्रीबाईंच्या नावाच्या तिथल्या नाट्यगृहाचं भाडं सावित्रीच्या किती लेकींना परवडतं?

तीन. लोकलमधली भजनी मंडळं बघा. रोज तीच गाडी, तोच डबा, तीच वेळ. बजेट शून्य, श्रोते ठरलेले. त्यांचा देव आपला नसेल, शिस्त मात्र घ्या. दर महिन्याला ठरल्या दिवशी एक गाणं.

चार. १४ एप्रिलला बड्या कंपन्यांचा डीजे धो-धो वाजतो, त्यात तुमचा आवाज बुडतो. आपलं कॅलेंडर काय एका दिवसाचं आहे? ३ जानेवारी सावित्रीबाई, २० मार्च महाडचं तळं, ११ एप्रिल जोतिराव, १ ऑगस्ट अण्णा भाऊ, २५ डिसेंबर मनुस्मृती दहन. त्या दिवशी लोक शोधतात, त्या दिवशी टाका. शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही लिहा. खाली पूर्ण शब्द, गीतकार, गायक, वादक, वस्ती, सगळ्यांची नावं.

पाच. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर गाण्यांच्या पुस्तिका आजही विकल्या जातात. दहा रुपयांची पुस्तिका काढा, प्रत्येक गाण्याखाली क्यूआर कोड छापा. कागदाचा भोंगा आपल्या मालकीचा असतो.

सहा. मूळ रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपा. चॅनेल आज आहे, उद्या नाही. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, वस्तीतली किती पोरं एका रात्रीत परत निनावी झाली!

सात. पोरी गायला लागल्या की शिव्यांचा पाऊस पडतो, जातीवरून आणि अंगावरून. तिला एकटीला कमेंट वाचत बसवू नका. स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार गटानं करा.

आणि एक लक्षात ठेवा. गाणं चाललं की ते फक्त आपलेच ऐकत नाहीत. २०२३ साली संभाजीनगरच्या राज मुंगासेनं सत्तेवर रॅप केलं, गुन्हा दाखल झाला आपल्या शेजारच्या अंबरनाथला. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ साली विधान भवनासमोर पोलिसांना सामोरे गेले, २०२० साली त्याच मंचाच्या आणखी तिघांना अटक झाली. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं गेली आणि चार दिवसांनी विलास घोगरेंनी गळफास घेतला. आपल्याकडं गाणं हा टाईमपास कधी नव्हता. म्हणून वकिलाचा नंबर वहीत ठेवा आणि आपल्यातल्या कुठल्याही शाहिराला एकटा पडू देऊ नका. विलासदादांसारखा दुसरा माणूस गमावायची आपली ऐपत नाही.

व्ह्यूज मोजा, माझी ना नाही. पण त्रेसष्ट व्ह्यूज म्हणजे त्रेसष्ट माणसं. त्रेसष्ट माणसं चाळीच्या चौकात जमली तर त्याला आपण सभा म्हणतो. त्यातल्या प्रत्येकाचं नाव, गल्ली, काम तुम्हाला माहीत असेल तर ती चळवळ आहे, आणि माहीत नसेल तर साठ हजार व्ह्यूजसुद्धा नुसता आकडा.

भोंगा त्यांचा असेल. घसा आपला आहे. गाणं तर आपलं होतंच.

जयभीम.