विधिप्रवेशाची परीक्षा व तिचें गुणगणित

कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचे दिवस आले म्हणजे धर्मापुरीसारख्या गांवीं पालकांच्या तोंडीं एक वाक्य हमखास येतें : "चुकलें तर गुण कापतात, येत नसेल तें सोडून दे." उपदेशाचा हेतु चांगला, परंतु कोणत्या परीक्षेस तो लागू, हें न पाहतां दिला तर मुलाचें वर्ष वायां जावयाचें. सबब दोन्ही परीक्षांचें स्वरूप आम्ही येथें मांडतों.

पहिली राज्याच्या सीईटी कक्षाची. ती २०१६ पासून होते. बारावीनंतरच्या पांच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं प्रश्न १२०, गुण १२०, अवधि दोन तास. विधिविषयक कल ३२, तर्कशक्ति ३२, सामान्यज्ञान २४, इंग्रजी २४ व गणित ८, अशी वांटणी. इंग्रजीखेरीज प्रश्न मराठींतहि असतात. मुख्य गोष्ट ही कीं, चुकीस गुण कापीत नाहींत. येथें प्रश्न कोरा ठेवणें म्हणजे पदरचें धन सांडणें होय.

दुसरी क्लॅट, राष्ट्रीय विधि विद्यापीठांची. आपल्याकडे तीं मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें आहेत. प्रश्न व वेळ तितकेच. पण ती केवळ इंग्रजींत, आणि प्रत्येक चुकीस पाव गुण वजा. तरीहि हिशेब पाहावा. चार पर्यायांचे सोळा प्रश्न डोळे मिटून सोडविले, तर सरासरीनें चार बरोबर, बारा चूक. चारांतून तीन गेले, एक उरला. लाभ नगण्य. मात्र दोन पर्याय विचारपूर्वक बाद करतां आले, तर सोळांत आठ बरोबर, आठ चूक, पदरीं सहा. तेव्हां अंधळा तर्क टाळावा, डोळस तर्क टाळूं नये.

सीईटीच्या निकालांतील पर्सेंटाईल म्हणजे शेंकडा गुण नव्हेत. त्याच सत्रांतील शेंकडा किती परीक्षार्थी आपल्याइतके वा आपल्याहून कमी गुण मिळवून आहेत, एवढेंच तो आंकडा सांगतो. हजारांत नव्वद पर्सेंटाईल, म्हणजे सुमारें शंभर जण पुढें. अर्धे गुण पाहून मुलास रागें भरूं नये. आधीं हा आंकडा पाहावा.

आमच्या गांवचें केदारेश्वराचें मंदिर ज्या चालुक्यांच्या काळचें, त्यांच्याच कल्याणीच्या राज्यांत विज्ञानेश्वरांनीं मिताक्षरा रचिली, आणि ती पुढें न्यायालयांतहि प्रमाण ठरली. येथील मुलांस कायदा परका नाहीं. परीक्षेचे नियम तेवढे परके राहूं नयेत, इतकेंच पालकांनीं पाहावें.