दोष शेजारच्या नालीचा नव्हता

भगिनींनो, पाऊस ओढ देऊ लागला की आपल्या आखाडा बाळापुरात सगळ्यांचे बोलणे एकाच प्रश्नावर येऊन थांबते, "इसापूर किती भरलं?" पैनगंगेवरचे हे धरण हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. त्याच्या कालव्यावर आपल्या भागातला ऊस, हळद आणि केळी अवलंबून, तेव्हा चौकशी करण्यात काहीच चूक नाही. पण धरणाचा आकडा रोज विचारणाऱ्या आपण, घरातल्या रांजणात आणि अंगणातल्या डबक्यात किती पाणी किती दिवस साचले आहे, हे मात्र विचारत नाही. तो हिशेब मला फार महागात पडून शिकावा लागला. सांगायला थोडी लाज वाटते, तरी सांगते.

गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. दोन श्रावण म्हणजे दुप्पट पाऊस, असे आमच्या सासूबाई हौसेने म्हणाल्या. झाले उलटेच. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन माना टाकू लागले. आमची बोअर दमली. अर्धा तास चालली की गुळण्या टाकायची. म्हणून पाणी आले की घरात जे भांडे दिसेल ते भरून ठेवायचे, असा नेम झाला. रांजण, हंडे, दोन निळे ड्रम, न्हाणीतली टाकी, एवढेच काय, परसातली जुनी घमेलीसुद्धा. भेंडी आणि दोडक्याच्या वेलांना संध्याकाळी तांब्या तांब्याने घालायला ते पाणी उपयोगी पडे. "उरलेलं राहू द्या, उद्या कामाला येईल," असे मीच सगळ्यांना बजावले होते.

आमच्या शेजारच्या काकूंच्या न्हाणीचे पाणी तेव्हा गल्लीतल्या उघड्या नालीत जाई. नाली तुंबलेली. पाणी काळे पडलेले, वास येणारे. त्यावरून आमची बोलाचाली आधीपासून होतीच. मी म्हणायची, "काकू, ह्या पाण्याचं काहीतरी करा." त्या म्हणायच्या, "काय करू माय, डोक्यावर घेऊन कुठं जाऊ का?"

पोळ्याच्या आधी धाकटीला ताप भरला. अंग तव्यासारखे. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणे, हातपाय मोडून आल्यासारखे वाटते म्हणे. चौथ्या दिवशी अंगावर बारीक लाल पुरळ उठले. रक्त तपासले तर डेंग्यू निघाला. नांदेडला दवाखान्यात पाच दिवस काढावे लागले. त्या पाच दिवसांत मी किती नवस बोलले याची गणती नाही. लेकरू घरी आले, आणि मी पदर खोचून थेट काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. "तुमच्या नालीनं माझं लेकरू जाता जाता राहिलं," असे मी चार माणसांत बोलले. काकू काही बोलल्या नाहीत. आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्या नालीकडे गेल्याच नाहीत. बॅटरी घेऊन आमच्याच घरात शिरल्या. रांजणात उजेड टाकला आणि मला म्हणाल्या, "ताई, जरा वाकून बघता का?" स्वच्छ, पिण्यासारख्या पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. ड्रममध्ये त्याच. कूलरच्या तळाशी त्याच. आणि ज्या घमेल्यातले पाणी मी दोडक्याला जपून ठेवत होते, त्यात तर सर्वांत जास्त.

आशाताईंनी समजावले ते असे. डास सगळे एक नसतात. घाण नालीत वाढणारा डास वेगळा. तोही त्रासाचाच, रात्री चावतो. पण डेंग्यू पसरवणारा डास, ज्याच्या अंगापायांवर पांढरे पट्टे असतात, तो बहुधा स्वच्छ, साठलेल्या, न हललेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी आटले तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून चालत नाही, काथ्याने आतून घासावे लागते. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवायची. याला कोरडा दिवस म्हणतात. जे रिकामे करता येत नाही ते कापडाने घट्ट बांधायचे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे.

मी ऐकत होते आणि मान वर होत नव्हती. त्याच संध्याकाळी काकूंकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मुगाच्या कढणाचे पातेले माझ्या हातात दिले. "लेकराला पाज. भांडण मागून करू," म्हणाल्या. मग मी माफी मागितली ती रडतच.

पण भगिनींनो, रडून नाली वाहती होत नाही. डेंग्यूचा दोष नालीचा नव्हता, तरी नाली काही चांगली नव्हती. म्हणून आम्ही दोन्ही घरांनी मिळून हिशेब मांडला. माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले तर सहा माणसांच्या घरात ३३० लिटर लागते. त्यातले निदान दोनशे लिटर तरी न्हाणी आणि मोरीतून बाहेर जाते. म्हणजे रोजच्या चौदा-पंधरा घागरी! एकीकडे दोडक्यासाठी घमेली भरून ठेवायची आणि दुसरीकडे पंधरा घागरी नालीत सोडायच्या, हा कुठला शहाणपणा?

आता आमची व्यवस्था अशी आहे. भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी साठवायचे नाही. त्याच वेळी कढीपत्ता, वाल आणि दोडक्याच्या आळ्यात ओतायचे. न्हाणीचे साबणाचे पाणी चरातून केळी, कर्दळ आणि अळूला जाते. चर दोन केले आहेत. आठवडा हा, आठवडा तो. एकाच जागी कपड्याच्या सोड्याचे पाणी मुरत राहिले तर आपली काळी जमीन चोपण होऊन दगडासारखी बसते. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो असे कच्चे खायचे जिन्नस या पाण्यापासून दूर लावावेत.

जास्तीचे पाणी शोषखड्ड्यात जाते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेतले आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. चार फूट लांब, चार फूट रुंद असा खड्डा. तळाशी मोठे दगड, वर लहान. मधे भोके पाडलेली टाकी, म्हणजे केस-कचरा तिच्यात अडकतो आणि अधूनमधून काढता येतो. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. काळ्या मातीत पाणी जिरत नाही. आमचा पहिला खड्डा चार फुटांवर थांबवला, तो पंधरा दिवसांत तुंबला. मग मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, तेव्हा पाणी जिरू लागले. विहीर किंवा बोअरपासून खड्डा निदान पन्नास फूट लांब असावा.

२०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी मराठवाड्यात धो-धो पाऊस झाला, तेव्हा खड्डा दोन दिवस भरून राहिला, मग ओसरला. पाऊस उघडताच मी पहिले काम केले ते परसात फेरी मारण्याचे. करवंट्या, फुटके माठ, जुने टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळे पालथे घातले. दुष्काळात आपण भरून ठेवतो म्हणून डास होतात, आणि अतिवृष्टीत आभाळ भरून ठेवते म्हणून होतात. हवा कोणतीही असो, फेरी चुकवू नये.

आणि तापाविषयी दोन शब्द. डेंग्यूची शंका असेल तर मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज भरपूर द्या आणि डॉक्टरांना दाखवा. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच वेळी पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, किंवा लेकरू मलूल पडणे यांतले काही दिसले तर तासभरही थांबू नका.

आमचा कोरडा दिवस शुक्रवारचा. त्या दिवशी काकू आणि मी मधल्या कुडापाशी बसून भांडी घासतो. या शुक्रवारी तुम्हीही आपल्या रांजणात बॅटरीचा उजेड टाकून बघा. काही वळवळताना दिसले तर शेजारणीकडे नंतर जा, आधी रांजण पालथा घाला. काकूंच्या अळूची पाने यंदा सुपाएवढी झाली आहेत. वड्या आमच्याकडे होतात, चिंच त्यांच्याकडची.