तोंड आमचे, संशोधन कुणाचे?

चैत्र यात्रेच्या दिवशी आम्ही जोतिबाच्या डोंगरावर होतो. देवदर्शनासाठी नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला तिथे नवस फेडायचा नसतो. आम्ही दंत महाविद्यालयांत शिकवणारे, याच समाजातून वर आलेले काही शिक्षक. तोंडाच्या तपासणीचे शिबिर घेऊन गेलो होतो. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलाल-खोबऱ्याची उधळण चालली होती, 'चांगभलं'चा गजर होत होता. आणि आमच्या टेबलासमोर शेतमजूर, ऊसतोड कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया रांगेत उभ्या होत्या. कष्टकरी बहुजन समाज इतक्या मोठ्या संख्येने एका ठिकाणी क्वचितच भेटतो.

क्रांतिबा फुल्यांचे जोतिराव हे नाव याच दैवतावरून ठेवले गेले, असे सांगतात. 'गुलामगिरी'त त्यांनी जोतिबा-खंडोबांचा संबंध बळीराजाच्या राज्याशी जोडला. ते बळीचे राज्य आम्ही त्या दिवशी तोंड उघडून पाहिले. बायांच्या हिरड्या मिसरीने काळ्या पडलेल्या. पुरुषांच्या गालाच्या आत तंबाखू-चुन्याच्या गोळीने पांढरे चट्टे उठलेले. काहींचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. एक बाई म्हणाली, "दाढ ठणकाय लागली म्हणून मिसरी लावली, आता ती सुटंना झालीया." दुखणाऱ्या दाढेला दवाखाना परवडत नाही, तेव्हा तव्यावर भाजलेली तंबाखू हेच गरिबाचे औषध होते. औषधाचे व्यसन होते आणि व्यसनाचा रोग होतो!

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे 24 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. पण मिसरी घरातल्या चुलीवर तयार होते, तिला बंदी कशी लागू होणार? ती सोडवायची कशी, हा प्रश्न कायद्याचा नाही, संशोधनाचा आहे. तो प्रश्न कुणी विचारायचा?

आम्ही शिबिरात वहीभर नोंदी केल्या, डोंगर उतरलो आणि वही कपाटात ठेवली. दरवर्षी हेच होते. शिबिराचे फोटो छापून येतात, पण वहीतून ना शोधनिबंध निघतो ना सरकारी धोरण. कारण वही म्हणजे संशोधन नव्हे. संशोधनाला आखणी लागते, वेळ लागतो आणि पैसा लागतो. पैसा मागावा लागतो. आणि आम्ही मागतच नाही!

इथे बाबासाहेबांची आठवण येते. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. ती मुदत संपली आणि 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. जगातला एवढा मोठा विद्वान, पण पैसा संपला तेव्हा त्याचेही संशोधन थांबले! त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतले, राजर्षी शाहू महाराजांची मदत घेतली आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथूनही त्यांनी महाराजांना पत्र लिहून पैशांची अडचण मांडली. पुढे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध झाला, 1923 साली डी.एस्सी. मिळाली. ज्या माणसाने कुणापुढे मान तुकवली नाही, त्याने ज्ञानासाठी पैसा मागण्यात कमीपणा मानला नाही. मग आम्हाला अर्ज लिहिताना संकोच कसला?

त्याच 1920 साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. त्यासाठी पैसा कुठून आणला? त्यांनी सोडा-आइस्क्रीमचे दुकान काढले आणि त्या कमाईवर कॉलेज चालवले! म्हणजे भारतातल्या दंतशिक्षणाचा पायाच एका शिक्षकाने स्वतः उभ्या केलेल्या पैशावर घातला गेला. आज आमच्या कॉलेजांच्या पाट्यांवर 'रिसर्च सेंटर' असे शब्द असतात. आत संशोधनासाठी किती रुपये ठेवले आहेत, हे कुणी विचारत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याचा अनुभव सांगतो. त्याने रात्री जागून प्रस्ताव लिहिला. तो पाठवायला संस्थाप्रमुखाची सही लागते. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. वर टोमणा, "आधी पेशंट बघा, संशोधन मोठ्या लोकांना करू द्या." सही झाली तेव्हा मुदत उलटून गेली होती. हे 'मोठे लोक' कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यांना मार्गदर्शक घरात मिळतो, ओळख क्लबात मिळते आणि योजनेची बातमी फोनवर मिळते. आमच्या पहिल्या पिढीच्या शिक्षकाला मुदत संपल्यावर कळते की अशी योजना होती!

म्हणून कुठे मागायचे, ते आधी कळले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, संशोधन प्रकल्पांना अनुदान देते. तिची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना एमबीबीएसबरोबर बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. एमडीएसच्या प्रबंधालाही तिच्याकडून साह्य मिळू शकते. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, ज्याला राज्यातली बहुतेक दंत महाविद्यालये जोडलेली आहेत, तेही संशोधनासाठी अनुदान देते. केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने आपल्या मुख्य अनुदानासाठी पीएच.डी.बरोबर एमडीएस पदवीही ग्राह्य धरली होती आणि अनुसूचित जाती-जमातीच्या संशोधकांसाठी स्वतंत्र योजना चालवली होती. ते मंडळ आता 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची भाषा तिथे केली गेली. त्यातला किती पैसा गावखेड्यातल्या कॉलेजापर्यंत येईल, हे आमच्या अर्जांवरही अवलंबून आहे. ज्यांनी मागितलेच नाही त्यांच्या नावाने 'यांच्यात गुणवत्ता नाही' म्हणायला व्यवस्था मोकळी असते.

आणि मागायचे कसे? जोतिबाच्या त्या बाईचाच प्रश्न घ्या. 'ग्रामीण महिलांचे मौखिक आरोग्य' असा अघळपघळ विषय घेऊन कुणी पैसे देणार नाही. प्रश्न नेमका करावा लागतो : दंतवैद्याने पाच मिनिटे समजावून सांगितले आणि दुखणारी दाढ त्याच वेळी बरी केली, तर सहा महिन्यांनी मिसरी सुटलेली दिसते का? एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्या गटाला हा उपचार, मग दोन्हींची तुलना. किती बाया लागतील, हे अंदाजाने ठरवू नये, संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच सोबत घ्यावे. प्रस्ताव संस्थेच्या नैतिकता समितीपुढे ठेवावा. 2019 च्या नियमांपासून अशा समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते, तेव्हा आपल्या कॉलेजची समिती नोंदलेली आहे का, हे आधी तपासावे. संमतीपत्र मराठीत, त्या बाईला वाचून दाखवता येईल असे असावे. आमच्या लोकांच्या शरीरावर त्यांना न विचारता पुष्कळ काही झाले आहे, निदान आम्ही तरी तसे करू नये. खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहावे : गावोगावच्या प्रवासाला इतके, तपासणीच्या साहित्याला इतके, नोंदी करणाऱ्याच्या मानधनाला इतके. महागड्या यंत्राचा हव्यास धरू नये, या प्रश्नाला आरसा, बॅटरी आणि चिकाटी पुरते.

पहिला अर्ज नाकारला जाईल, दुसराही जाईल. परीक्षकांचे शेरे मिळाले तर ते शांतपणे वाचावेत, सुधारणा करावी आणि पुन्हा पाठवावा. लहान अनुदानापासून सुरुवात करावी. एका बीडीएस विद्यार्थ्याला सोबत घेऊन केलेला दोन महिन्यांचा प्रकल्प हाच मोठ्या अर्जातला 'पूर्वानुभव' होतो.

परंतु सगळा भार शिक्षकावर टाकून व्यवस्थेला मोकळे सोडणे हा दुटप्पीपणा होईल. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या मुख्यतः पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहेत, आणि त्याही मिळाव्यात म्हणून 2023 साली बार्टीच्या विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. रोहित वेमुलाने 2016 साली मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता, हे आम्ही विसरलेलो नाही. संशोधनाचा पैसा अडवणे म्हणजे माणूस अडवणे होय. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नोकरीतल्या शिक्षकालाही मागता येईल असे लघु संशोधन अनुदान या संस्थांनी द्यावे. प्रस्तावावर पंधरा दिवसांत सही करणे किंवा नकाराचे कारण लेखी देणे प्रत्येक महाविद्यालयाला बंधनकारक करावे. आणि अनुदान कोणत्या समाजघटकातील संशोधकांना मिळाले, याची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी.

राजर्षी शाहूंनी 26 जुलै 1902 रोजी याच करवीर संस्थानात नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या आदेशाने आम्हाला खुर्ची मिळण्याची वाट खुली झाली. पण खुर्चीवर बसून दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे शिकवत राहिलो, तर ती खुर्ची अर्धीच मिळाली म्हणायची. प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारा पैसा, हे त्या प्रतिनिधित्वाचे उरलेले अर्धे आहे.

पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा डोंगरावर जाऊ. ती बाई पुन्हा रांगेत उभी असेल. तेव्हा आमच्या हातात नुसती वही नसावी, मंजूर झालेला प्रकल्प असावा. निदान पाठवलेल्या अर्जाची पोच तरी असावी. कपाटातली वही आम्ही बाहेर काढली आहे. शिक्षक बांधवांनो, भगिनींनो, तुमचीही काढा!

जय भीम!