खेळ की पेढी?

खेळ म्हणजे काय, हे ज्याला पुस्तकांतून कळत नसेल त्याने दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांकडे पाहावे. चार दिवस चिखलात हात घालून ती तट बांधतात, आळीव पेरतात, मातीचे मावळे बुरुजावर चढवतात. आणि तुळशीचे लग्न लागते न लागते तो हाच किल्ला आपल्या हातांनी मोडून टाकतात. 'माझा बुरूज दोनशे रुपयांना विकायचा आहे' असे त्यांतले एकही पोर म्हणत नाही. ज्या दिवशी म्हणेल, त्या दिवशी किल्ला संपला आणि जमिनीचा धंदा सुरू झाला असे मी समजेन.

हे आठवायला कारण घडले. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. गणपतीत गावी आला तेव्हा घरीही डोकावला. बोलता बोलता म्हणाला, "सर, स्टीमवाल्यांनी ब्लॉकचेनच्या खेळांना दार लावून घेतलंय. हा अन्याय नाही का?" मी पडलो शाळामास्तर. संगणकाचा प्रांत माझा नव्हे. पण 'अन्याय' हा शब्द माझ्या प्रांतातला आहे. म्हणून मी त्याला बसवून घेतले आणि सारे प्रकरण समजावून घेतले. त्यावरून माझे मत असे झाले की, दार लावले ते योग्यच केले; चुकले असेल तर एवढेच की, शेजारची खिडकी उघडी ठेवली.

स्टीम हे संगणकावरील खेळांचे जगातले सर्वांत मोठे दुकान. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने ते २००३ साली काढले. ऑक्टोबर २०२१ मध्ये या दुकानाने नियम केला की, ब्लॉकचेनवर उभारलेले आणि क्रिप्टो नाणी किंवा एनएफटी देणारे वा त्यांची देवघेव करू देणारे खेळ येथे ठेवले जाणार नाहीत. लगोलग एपिक गेम्स या प्रतिस्पर्धी दुकानाचे धनी टिम स्वीनी यांनी उलट भूमिका घेतली. कायदा पाळा, अटी उघड सांगा, वयोगटाचा शिक्का घ्या, मग खुशाल या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

ब्लॉकचेन म्हणजे पुष्कळ संगणकांनी मिळून राखलेली सामाईक खातेवही. तीत एकदा झालेली नोंद कोणा एकाला खोडता येत नाही. एनएफटी म्हणजे त्या वहीतली एक स्वतंत्र नोंद: अमुक तलवार, अमुक मोटार, अमुक प्राणी अमक्याच्या मालकीचा. माझ्या विद्यार्थ्याचा सारा भर या मालकीवर होता. "सर, आज खेळात घेतलेली वस्तू कंपनीची असते. ब्लॉकचेनमध्ये ती खेळणाऱ्याची होते. यात वाईट काय?"

हे म्हणणे वरवर पाहता मोठे सोज्वळ वाटते. म्हणून एक खराखुरा दाखला घेऊ. 'एफ-वन डेल्टा टाइम' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ होता. मे २०१९ मध्ये त्यातल्या पहिल्या मोटारीची नोंद एक लाखाहून अधिक डॉलरला विकली गेली. पुढे शर्यतीचे नाव वापरण्याचा परवाना संपला आणि मार्च २०२२ मध्ये खेळ बंद झाला. मोटार मालकाची ती मालकाचीच राहिली. फक्त तिला धावायला रस्ता उरला नाही! बदल्यात दुसऱ्या खेळातली गाडी देऊ केली गेली, हे खरे. पण ज्याची वस्तू खरोखर त्याची असते, त्याच्यापुढे असा बदला ठेवण्याची पाळीच येत नाही. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांतल्या माणसांना हे चटकन कळेल. कागदावर नाव असणे निराळे आणि पायाखाली जमीन असणे निराळे. वही हजार संगणकांवर असली, तरी खेळ कंपनीच्या हातातच असतो. कंपनीने दिवा मालवला की वहीतली नोंद अंधारात वाचत बसायचे.

"पण सर, गरिबांना यातून कमाईही होते," तो म्हणाला. तीही कथा ऐकण्यासारखी आहे. व्हिएतनाममधल्या स्काय मेव्हिस या कंपनीचा 'ॲक्सी इन्फिनिटी' हा खेळ टाळेबंदीच्या काळात फिलिपिन्समध्ये घरोघर पसरला. त्या वेळी खेळायला बसण्यापूर्वी तीन प्राणी विकत घ्यावे लागत, आणि २०२१ मध्ये त्यांना शेकडो डॉलर पडू लागले. ज्यांना ते परवडत नसे ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन खेळत आणि कमाईचा वाटा मालकाला देत. आपण याला अर्धेलीने शेत कसणे म्हणतो. त्या कुळांना तिथे 'स्कॉलर' म्हणत! शेतात निदान जोंधळा तरी पिकतो. इथे काय पिकत होते? खेळातले नाणे. आणि त्याला भाव तोवर, जोवर नवी माणसे पैसे घेऊन दारात येत होती. जुलै २०२१ मध्ये ते नाणे तीस सेंटांच्या वर होते. वर्षभरात एका सेंटाच्याही खाली गेले. मार्च २०२२ मध्ये तर या खेळाच्या व्यवहारजाळ्यातून चोरांनी साठ कोटी डॉलरहून अधिक ऐवज पळवला, आणि सहा दिवस ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. चोर उत्तर कोरियाचे, असे अमेरिकेच्या तपासयंत्रणेने पुढे सांगितले.

विटीदांडूत हरलेला मुलगा राज्य घेतो आणि संध्याकाळी घरी जेवायला जातो. खेळाचे सारे पावित्र्य या एका गोष्टीत आहे की, त्यातली हार घरापर्यंत येत नाही. ती घरापर्यंत आली की काय होते, हे कौरवांच्या सभेत आपण पाहिलेले आहे. युधिष्ठिराच्या फाशांना नियम नव्हते असे नाही; साक्षीला सारी सभा होती.

म्हणून स्वीनींच्या तीन अटींनी माझे समाधान होत नाही. त्यांतल्या वयाच्या अटीचे काय झाले पाहा. 'गॉड्स अनचेन्ड' या पत्त्यांच्या खेळाला अमेरिकेतल्या मंडळाने २०२३ मध्ये 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का मारला. असे खेळ एपिकच्या दुकानात चालत नसत, म्हणून तो काढला गेला. मग नियमच बदलला: केवळ ब्लॉकचेनमुळे असा शिक्का बसला असेल तर चालेल! राखणदाराने चोर पाहिला आणि चोराच्या मापाचे दार करून दिले, असाच हा प्रकार.

स्वातंत्र्याचा मुद्दा उरला. पण दुकानदाराने एखादा माल न ठेवणे म्हणजे त्या मालावर बंदी नव्हे. ज्यांना असे खेळ करायचे त्यांनी आपल्या संकेतस्थळावरून विकावेत. पेढी म्हणून पाटी लावावी, खेळणी म्हणून नव्हे. आपले सरकारही १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते आणि तोटा वजा करू देत नाही. कायदा ज्याला मालमत्ता म्हणतो, त्याला आपण मुलांच्या फळीवर का ठेवावे? 'माइनक्राफ्ट' करणाऱ्यांनी जुलै २०२२ मध्ये एनएफटीला नकार दिला, तो याच विचाराने: त्याने खेळणाऱ्यांत आहेरे आणि नाहीरे असे दोन तट पडतात.

आता ती उघडी खिडकी. "सर, स्टीमवर तरी काय चाललंय?" असे माझ्या विद्यार्थ्याने शेवटी विचारले, आणि तिथे मी निरुत्तर झालो. 'काउंटर-स्ट्राइक' या व्हॉल्व्हच्याच खेळात पैसे देऊन किल्ली घ्यायची, पेटी उघडायची आणि नशिबात असेल ती नक्षीची बंदूक घ्यायची. ती स्टीमच्याच बाजारात विकता येते, आणि दर विक्रीमागे दुकान आपली दलाली कापून घेते. या बंदुकांवर परभारे जुगार खेळवणाऱ्या संकेतस्थळांना २०१६ मध्ये व्हॉल्व्हने नोटिसा धाडल्या. पेट्या मात्र ठेवल्या. दुसऱ्याचा गुत्ता बंद करून आपला चालू ठेवणाऱ्याला मी संत म्हणणार नाही.

पण यातून निघते काय? माझा विद्यार्थी म्हणतो, खिडकी उघडी आहे तर दारही उघडा. मी म्हणतो, दार लावले आहे तर खिडकीही लावा. एक अन्याय चालतो म्हणून दुसऱ्याला आमंत्रण देणे, याला मी न्याय म्हणायला तयार नाही.

निघताना तो हसून म्हणाला, "सर, तुमचा काळ गेला." असेलही. परंतु या सुट्टीत तुमचा मुलगा नवा खेळ मागेल तेव्हा, वाचकहो, एवढे त्याला जरूर विचारा: "बाळ, यात हरलास तर काय जाईल?" "काही नाही, पुन्हा खेळेन," असे उत्तर आले तर आनंदाने घेऊन द्या. आणि तो उत्तर द्यायच्या आधी आकडेमोड करू लागला, तर समजा की दुकानदाराने तुम्हांला खेळ दिलेला नाही.