गळका माठ आणि आमचे क्वांटमवाले

मे महिन्यात पाचोऱ्याला घरी गेलो होतो. ऊन ४४ अंश. माठ पाझरून ओटा ओला होतो म्हणून आमच्या दादानं त्याला बाहेरून मस्त ऑइलपेंट मारला होता. पाझर बंद. आणि पाणी? अंघोळीला चालेल असं! आई दिवसभर त्याला ऐकवत होती.

पुण्यात परतलो तर लंचला क्वांटम कॉम्प्युटरच्या गप्पा. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००० कोटींवर रुपये मंजूर झाले, तेव्हापासून आमच्याकडे सगळेच तज्ज्ञ. एक मित्र म्हणाला, "गळती हा बग आहे रे, फिक्स करायचा." ऑइलपेंटच की हा!

क्युबिटपुरतं त्याचं बरोबर आहे, तिथं मी भांडत नाही. पण गळती म्हणजे नेहमी मोडतोडच, हे कोणी सांगितलं? मुळात हे अणू इतके थंड होतात तेच गळतीनं. सापळ्यातले सगळ्यात गरम अणू निसटू द्यायचे, उरलेले गार. माठच तो.

आता क्योटोचा २०१७ चा प्रयोग बघा. लेझर किरणं एकमेकांवर सोडून प्रकाशाचे खड्डे केले, अंड्यांच्या ट्रेसारखे. त्यात यटर्बियमचे अणू. खड्डे खोल असतील तर अणू आपापल्या जागी अडकतात, हा मॉट इन्सुलेटर. उथळ केले की सगळीकडे पसरून एका तालात वागतात, तो सुपरफ्लुइड. त्यावर आणखी एक लेझर असा सोडला, की एका खड्ड्यात दोन अणू आले की दोघंही बाद. मित्राच्या हिशोबानं सगळा विचका व्हायला हवा. झालं उलटंच. खड्डे उथळ करत नेले तरी मॉट अवस्था विरघळायला उशीर लागला. गळती इतकी जबर, की शेजारच्या खड्ड्यात उडी मारणंच दबलं.

मला बारावीला अवस्थाबदल म्हणजे बर्फ वितळणं, एवढंच शिकवलं. सगळं समतोलातलं. जिथे सतत काही आत येतं आणि बाहेर जातं, तिथे ते गणित चालत नाही. आणि हा विषय परका आहे म्हणावं तर मुंबईत टीआयएफआरमध्ये दीपक धर यांनी १९९० मध्येच वाळूच्या ढिगाचं मॉडेल सोडवलं होतं. दाणे वरून पडत राहतात, कडेनं सांडत राहतात; सांडणं बंद केलं तर ढीग कधी स्थिरावणारच नाही. २०२२ चं बोल्ट्झमन पदक मिळालं त्यांना, पहिले भारतीय. आमच्या लंच टेबलावर हे नाव एकालाही माहीत नव्हतं. क्युबिटच्या स्टार्टअप मात्र तोंडपाठ.

असो. दादानं पेंट खरवडून पाहिला, निघाला नाही. आईनं नवा माठ आणलाय, ओटा पुन्हा ओला.